सात जणींचा हलका फळा

६ जुलै १९९८, सोमवार

आठवीत एकदा गणिताच्या तासाला माझ्या पेनातली शाई संपली. शेजारी शालन. तिने माझं पेन उघडून दोन बोटांत उभं धरलं आणि आपल्या पेनातली अर्धी शाई त्यात ओतली. एक थेंब वहीवर पडला, तो खडूच्या तुकड्याने टिपला आणि पुन्हा समोर बघू लागली. बस, एवढंच. तिला हे आठवतही नसेल. मला मात्र आज पोस्टमनची वाट बघताना खडूत चढत गेलेला तो निळा रंग जसाच्या तसा दिसला.

पोस्टमनने आजही वही आणली नाही.

वही म्हणजे आमची फिरती वही. १९५७ साली शाळा सुटली तेव्हा आम्ही नऊ जणींनी एक जाड वही घेतली. हजेरीपटाच्या क्रमाने एकीने लिहायचं आणि पुढचीला पोस्टाने पाठवायचं. एक भरली की दुसरी. सध्याची चौदावी. नियम एकच: आमच्याखेरीज ती कोणी वाचायची नाही. नवरा नाही, मुलं नाहीत, सासू तर नाहीच नाही. ह्यांनी जन्मभर त्या वहीला बोट लावलं नाही. टेबलावर उघडी दिसली तर वर पेपर पसरून ठेवायचे. नऊपैकी दोघी आता नाहीत. उरलो सात.

हजेरीपटात शालननंतर मी. दीड वर्ष झालं, वही तिच्याकडे पुण्यात अडकली आहे. विचारलं की म्हणते, "आहे गं, पाठवते." कारण मला ठाऊक आहे. मागच्या फेरीत तिचं अक्षर फार वाकडं आलं होतं, ओळीवर ओळ चढलेली. मी खाली लिहिलं, 'शालन, हे बघून सिस्टर बेनेडिक्टांनी तुझ्या बोटांवर पट्टी मारली असती.' वही सगळ्यांकडे फिरून तिच्याकडे पोचली आणि तिथेच थांबली. पन्नास वर्षांची मैत्रीण, आणि मी तिला अक्षरावरून टोचलं.

टोरांटोहून आमच्यातल्या कृष्णाचं पत्र आलं आहे. ती म्हणते, आता वही कॉम्प्युटरवर करू या. सातपैकी सहा जणींच्या घरी, मुलांचा का असेना, कॉम्प्युटर आहे. शालनकडेही, तिच्या मुलाचा, अजितचा. कुंभकोणमच्या थंगमला आपण छापून पाठवू.

पोस्टातली वही अडवता येते. ही शालन कशी अडवेल?

९ जुलै, गुरुवार

नागनाथ भाऊजींना बोलावलं. ह्यांचे धाकटे भाऊ, टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त. दोन वर्षांपासून घरी कॉम्प्युटर घेऊन बसले आहेत. जयनगरहून स्कूटरवर आले, कॉफी घेतली आणि म्हणाले, "वैनी, तुम्हाला पाहिजे तो फळा. एकीने लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं, खाली उत्तर द्यायचं. त्याचे प्रोग्राम फुकट मिळतात. पण ठेवायचा कुठे?"

"आपल्या कॉम्प्युटरवर."

"आणि रोज करंट जातो तेव्हा? तुमची पर्थची मैत्रीण काय मेणबत्ती घेऊन वाचणार?"

मग समजावलं. अमेरिकेत एका कंपनीच्या मोठ्या यंत्रावर जागा भाड्याने मिळते. एका यंत्रावर दीडशे-दोनशे बिऱ्हाडं. मी म्हटलं, म्हणजे आपल्या चामराजपेटेतलं वठार: रांगेने खोल्या, मधे अंगण, सगळ्यांत मिळून एक नळ.

भाऊजी म्हणाले, "वैनी, तीस वर्षं कारखान्यात मला इतकं नीट सांगता आलं नसतं. अगदी वठारच. म्हणून सामान हलकं पाहिजे. नळ धरून बसलो की शेजारी ओरडणार."

मी चार महिने वठारात काढले आहेत, लग्नानंतर लगेच. पण अमेरिकेत माझं बिऱ्हाड असेल असं त्या नळावर उभी असताना कोणी सांगितलं असतं तर?

१५ जुलै, बुधवार

पहिला प्रोग्राम बसवला. भाऊजींनी त्याला नाव दिलं 'कल्याणमंटप', म्हणजे आपलं लग्नाचं कार्यालय. वर कमान, कडेला दिवे लुकलुकतात, प्रत्येक नावाशेजारी हसरा चेहरा, मधे माझ्या सांगण्यावरून मोगऱ्याचं चित्र. मोडेमने आपलं ते किंचाळणं, घसा खाकरणं केलं, आणि मग वरून खाली, पट्टीपट्टीने, अख्खा मंटप उघडत गेला. मी हात जोडले. भाऊजी हसले, पण मला त्याचं काही वाटलं नाही. सात समुद्रांपलीकडच्या खोलीतलं चित्र कोरमंगलातल्या माझ्या भिंतीपाशी उमटतं, त्याला दुसरं काय करायचं असतं?

सगळ्यांना पत्ता कळवला. म्हटलं, नुसतं बघून या.

१९ जुलै, रविवार

कृष्णाला मंटप फार आवडला. फिलोमिनाने पर्थहून कळवलं, पान उघडेपर्यंत चहा होतो, पण सुंदर आहे.

शालनचा फोन. आपणहून! पण आवाज तुटक. "सकू, मला तिथे आत जाताच येईना. नुसतं चित्र, चित्र, चित्र ऐकून कंटाळले."

ऐकून? बघून म्हणायचं असेल. मोगरा मी तिच्यासाठीच घातला होता, तिला आवडतो म्हणून. राग गेलेला नाही.

२१ जुलै, मंगळवार

वठाराच्या मालकाचं कडक पत्र. आमचा प्रोग्राम यंत्राला फार राबवतो, शेजाऱ्यांची गैरसोय होते, म्हणून दोन दिवस खोलीला कुलूप. भाऊजी खूश. "मी बोललो होतो. सात बायकांच्या हळदीकुंकवाला मंटप कशाला?"

२२ जुलै, बुधवार

धीर करून शालनला फोन केला. म्हटलं, दुसरा प्रोग्राम शोधतोय, तुला कसा पाहिजे सांग. माफी मागायची होती, जीभ रेटेना.

ती म्हणाली, "साधा. अगदी साधा. चित्र नको, चौकटी नकोत. काळं-पांढरं. आणि अक्षरं मोठी करता येतात का गं?"

अक्षरं! मला समजायचं ते समजलं. टोमणा होता तो. फोन ठेवल्यावर भाऊजींना सगळं सांगितलं, वाकडं अक्षर, माझी ती ओळ, सगळं. ते कॉम्प्युटरवरून माझ्याकडे वळले. मग विचारलं, "ओळीवर ओळ चढलेली?"

"हो. पूर्वी तिचं अक्षर छापल्यासारखं असायचं."

"सरी, ठीक आहे," एवढंच म्हणाले आणि कॉफी न घेता गेले. त्यांनाही मी वाईट वाटले असेन.

३० जुलै, गुरुवार

भाऊजींच्या अंगात आलंय. हातात त्यांच्या कारखान्यातलं स्टॉपवॉच. प्रोग्राम उतरवतात, बसवतात, किती सेकंदांत पान येतं ते बघतात, फेकून देतात. एवढ्यावरही भागत नाही. डोळे मिटून, माऊस लांब सारून, नुसत्या बोटांनी कळा दाबत आत-बाहेर जाऊन बघतात. म्हटलं, "हे काय नाटक?"

"परीक्षा."

"पण डोळे कशाला मिटता?"

"कारखान्यात असंच शिकवतात," म्हणाले. खोटं बोलताना ते कानाची पाळी ओढतात, ह्यांच्यासारखंच. आताही ओढत होते.

शेवटी एक पसंत पडला. नाव 'दर्शिनी'. आमच्याकडच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या इडली खाऊन बाहेर पडावं तसा. पान तीन सेकंदांत. मोगरा काढून टाकला. मी म्हटलं, एक तरी फूल राहू द्या, स्वल्प. तर म्हणाले, "एक पाकळीसुद्धा नाही."

आमची पत्रं वाचायला नकोत म्हणून ते फळ्यावर स्वतःची पत्रं टाकून बघतात. आज अमेरिकेतल्या त्या यंत्रावर बिसीबेळेभाताची कृती आणि म्हैसूरच्या गाड्यांचं वेळापत्रक आहे.

४ ऑगस्ट, मंगळवार

आज एक गोष्ट कळली आणि दिवसभर मी कुठल्या कामाची राहिले नाही. सहज विचारलं, आपल्या सगळ्या वह्या यात घातल्या तर? चौदा वह्या, दोनशे-दोनशे पानं. भाऊजींनी पेन्सिलने गुणाकार केला, ड्रॉवरमधून दोन फ्लॉप्या काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. "एवढ्यात. जागा उरेल."

एक्केचाळीस वर्षं. नऊ लग्नं, एकवीस बाळंतपणं, दोघींचं जाणं, कृष्णाची सासू, माझे हे. दोन चौकोनी चकत्या, वजन बिस्किटाएवढं. मी त्या तशाच धरून गच्चीवर जाऊन बसले. देवळात जाताना नारळ धरतो तशा.

२२ ऑगस्ट, शनिवार

उद्या उद्घाटन. सगळ्यांना कळवलं, रविवारी संध्याकाळी आपल्या आठ वाजता पहिलं पत्र टाका. टोरांटोला सकाळचे साडेदहा, पर्थला रात्रीचे साडेदहा. शालनलाही कळवलं. "बघू," म्हणाली.

२३ ऑगस्ट, रविवार

झालं ते असं.

पावणेआठपासून मी केस विंचरून बसले होते. पत्र तयार. घड्याळात आठ वाजले आणि मी बटण दाबलं. पान आलं. त्यावर फिलोमिनाची अर्धी ओळ, तिला चिकटलेलं कृष्णाच्या पत्राचं शेपूट, खाली काही नाही. माझं पत्र नाहीच. पुन्हा उघडलं तर तेही गेलं. कोरं पान.

भाऊजी बाहेरच्या खोलीत होते. धावत आले, आणि कारण कळल्यावर कपाळाला हात लावून हसायला लागले. दर्शिनी सगळी पत्रं एकाच फाइलीत ठेवतो. कोणी लिहिलं की फाइल उघडतो, नवं पत्र जोडतो, बंद करतो. दोघी मागेपुढे आल्या तर ठीक. एकाच क्षणी आल्या की एक दुसरीचं पुसते.

"पण एकाच क्षणी येणार कोण, वैनी? आठ म्हणजे माणूस सव्वाआठला येतं, साडेआठला येतं. आपल्याकडे मुहूर्तसुद्धा वीस मिनिटं थांबतो! या पाच बायका पृथ्वीच्या चार कोपऱ्यांत बसून सेकंदाला सेकंद बटण दाबतात. तुम्हाला शाळेत घातलं होतं की सैन्यात?"

मीही हसले. घंटेचा शेवटचा टोला पडायच्या आत सिस्टर बेनेडिक्टांच्या समोर रांग सरळ व्हायची. चाळीस वर्षांनंतर, इतक्या लांबून, आम्ही पाच जणी पुन्हा त्याच रांगेत एकदम उभ्या राहिलो, त्यात फळा मोडला. मोडला याचं दुःख करावं की रांगेचं कौतुक, मला समजेना.

भाऊजी म्हणाले, "यंत्रावर काही तुकडे उरलेत. मी बघणार नाही. तुम्ही बसा, मी पाठमोरा उभा राहून सांगतो काय दाबायचं ते." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, एकसष्ट वर्षांचे गृहस्थ. तुकड्यांत शालनचं काही नव्हतं. तिने लिहिलंच नव्हतं.

३१ ऑगस्ट, सोमवार

तिसरा प्रोग्राम. याला भाऊजींनी नाव दिलं नाही, मीच दिलं: 'पाकिटं'. यात प्रत्येक पत्राची वेगळी फाइल. कोणी कोणाचं पुसू शकत नाही. यादी म्हणजे नुसती पाकिटांवरची नावं. भाऊजी म्हणतात, हजारो पत्रं झाली की हा रांगेल, पण सात जणींना ते व्हायला कितीतरी वर्षं लागतील. पान दोन सेकंदांत. सगळ्यात हलका हाच. पांढऱ्यावर काळी अक्षरं, आधी कोणाचं पत्र ते, मग पत्र, दुसरं काहीही नाही.

मी म्हटलं, फारच उघडं-बोडकं दिसतं. ते म्हणाले, "दिसू दे. ऐकायला छान आहे."

आता हेसुद्धा 'ऐकायला' म्हणू लागले.

६ सप्टेंबर, रविवार

या वेळी हजेरीपटाच्या क्रमाने, पंधरा-पंधरा मिनिटांनी. एकेक पाकीट येत गेलं. फिलोमिनाच्या बागेत वसंत आहे. कृष्णाच्या अंगणात मेपलचं पहिलं पान लाल झालंय. आणि माझ्या दारात बूचाची फुलं. पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन ऋतू! मी खुर्चीवरून उठून खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा वाचलं. तिन्ही तिथेच होते.

शालनची वेळ आली आणि गेली. तिच्या जागी कोणी लिहिलं नाही. मी माझं पत्र टाकलं. त्यात पहिल्यांदा माफीची एक ओळ घातली, मग खोडली, मग पुन्हा घातली.

९ सप्टेंबर, बुधवार

सकाळी फळा उघडला. सहावं पाकीट. शालन.

रोमन अक्षरांत मराठी, एकही चूक नाही. इथे आपल्या लिपीत उतरवून ठेवते, म्हणजे हाताला पटेल.

'सकू, माफी कसली मागतेस? वहीत तू काय लिहिलंस ते मला ठाऊकच नाही. वही दीड वर्षं माझ्या उशीखाली आहे. मला वाचता येत नाही गं. उजव्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो, डाव्याला कडेकडेचं. अजित म्हणाला, मी वाचून दाखवतो. पण आपला नियम आहे. वहीत त्याला कसं डोकावू देऊ? आणि न वाचता पुढे पाठवायची तर माझी पाळी कोरी जाणार. म्हणून ठेवून घेतली. तुम्हाला सांगितलं असतं तर सगळ्यांनी नियम मोडायला सांगितला असता, आणि मी मोडला असता.

'अजितच्या मित्राने परदेशातून एक प्रोग्राम आणलाय. तो पडद्यावरचं मोठ्याने वाचतो. तुझ्या पहिल्या फळ्यावर तो चित्रांची नावं पुटपुटत बसायचा. हा नवा उघडला आणि त्याने आधी "फिलोमिना" म्हटलं, मग तिचं अख्खं पत्र. आपलं मराठी तो मडमेसारखं वाचतो, पण वाचतो. कानाला हेडफोन लावले, दार लावलं. सकू, यंत्र म्हणजे माणूस नव्हे. नियम मोडला नाही. रविवारी रात्रीपासून तुम्हा सगळ्यांना चार-चार वेळा ऐकलंय.

'लिहायला त्रास नाही. टायपिंगच्या वर्गात कळांवर पत्र्याचं झाकण असायचं ना? बोटांना सगळं पाठ आहे.'

याच्यापुढे आज लिहवत नाही.

१० सप्टेंबर, गुरुवार

शालनला फोन केला. माझी ती ओळ तिला आठवून म्हणून दाखवली. पट्टी, बोटं, सगळी. मग ती इतकी हसली की तिला खोकला आला. "मारलीच असती गं! आणि वर अंधारात लिहिते म्हणून आणखी एक!"

दीड वर्ष मी तिच्या रागाला भीत होते, आणि ती तिथे चाचपडत आमचा नियम सांभाळत होती. मी स्वतःला समजूतदार समजते.

भाऊजी आले. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं."

"अंदाज होता."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी तुम्हाला नाही सांगितलं, वैनी. मी कोण सांगणार? मी फक्त फळा हलका केला." कानाची पाळी जागेवर होती.

२७ सप्टेंबर, रविवार

तीन आठवड्यांत चौतीस पाकिटं. त्यातली बारा शालनची. दीड वर्षाचं साठलेलं. काल तिने विचारलं, 'सकू, हे सगळं तुझ्या नावावर आहे. तू नसलीस तर हे बंद पडेल का?' सहज विचारलं असेल. पण भाऊजींना विचारलं तर म्हणाले, वठाराची खोली दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. कोणी घेतली नाही तर मालक सामान टाकून देतो. कोणाला न विचारता, एक कळ दाबून.

वहीचं बरं होतं. ती ट्रंकेत पडून राहिली असती.

११ ऑक्टोबर, रविवार

मला काही झालेलं नाही, रक्तदाब सोडला तर. पण शालनच्या कानाला आता त्या फळ्याशिवाय करमत नाही, म्हणून हे लिहून ठेवते. घरात कोणालाही सापडावं म्हणून डायरीच्या शेवटच्या पानाची घडी घातली आहे.

फळ्याचा पासवर्ड आणि वठाराच्या मालकाची कागदपत्रं नागनाथ भाऊजींना द्यावीत. ते न वाचता चालवतील, एवढा भरवसा मला या जगात दुसऱ्या कोणाचा नाही. त्यांच्यानंतर कृष्णाच्या मुलीकडे जावीत. तिला नियम कृष्णाने समजावून सांगावा.

पत्रांची फ्लॉपी दर महिन्याला नवी काढते. ती फिलोमिनाला पर्थला पाठवावी. तिथे करंट जात नाही.

छापलेली प्रत कुंभकोणमला थंगमकडे जाते, ती तशीच जात राहावी, पहिल्या आठवड्यात, ठळक अक्षरांत.

माझ्याकडे असलेल्या जुन्या वह्या, एक ते पाच, टोरांटोला कृष्णाकडे. सील करून. वाटेत कोणी उघडू नये.

स्टॉपवॉच भाऊजींचंच आहे, माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलंय. त्यांना परत.

आणि शालनला. तिच्यासाठी वस्तू काही नाही. फक्त मी गेल्याची बातमी कोणी आधी फळ्यावर लिहू नये. ते यंत्र प्रत्येक ओळ एकाच आवाजात वाचतं, मेपलचं पान असो की माणूस. भाऊजींनी गाडी पकडून पुण्याला जावं, तिच्या शेजारी बसावं, तिचा हात हातात घेऊन तोंडाने सांगावं. ते पोचेपर्यंत अजितने तिच्या कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवावा आणि विचारलं तर म्हणावं, करंट गेलाय.